उपाशी ओळ

कल्पनावहिनींचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टच्या फायली तपासत बसले होते. "अक्का गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि जरा थांबून, "सकाळी चहा घेतला, पाय पोटाशी घेऊन झोपल्या, अन्..." संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. अक्काने ऐंशी ओलांडली होती, आजार दिवाळीपासून अंगात होता, म्हणजे बातमी अनपेक्षित म्हणावी अशी नव्हती. तरी मी हातातलं पेन झाकण न लावता पर्समध्ये टाकलं आणि यावलची एसटी गाठली. पर्सच्या अस्तराला पडलेला तो लाल डाग अजून तसाच आहे. सहा आठवडे झाले, मी तो धुतलेला नाही. आळस म्हणा हवं तर.

अक्का म्हणजे वत्सलाबाई, माझ्या वडिलांची लांबची मावसबहीण आणि कल्पनावहिनींची सासू. नात्याने माझी आत्या, पण गाव तिला अक्का म्हणायचं म्हणून मीही म्हणू लागले. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला तिचा केळीचा मळा. मी जळगावची, शहरात वाढलेली, केळीचं पान जेवणापुरतं आणि सत्यनारायणापुरतं पाहिलेली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक संशोधन प्रकल्प करायचा असं ठरलं आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रत्यक्ष शेतात प्रयोग करा असं फर्मावलं, तेव्हा वडिलांना ही बहीण आठवली. कापणी झाल्यावर केळीची खोडं बांधावर कुजत पडतात. ती चिरून, गूळ आणि शेण घालून पिंपात आंबवायची आणि ते पाणी नव्या रोपांना द्यायचं, असा माझा प्रकल्प. अक्काने मला छत्तीस रोपं दिली, बारा-बारांच्या तीन ओळी. पहिल्या ओळीला दर सोमवारी एकेक मग, दुसरीला अर्धा, आणि तिसरीला काहीच नाही. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन मापं घेणार आणि सोमवारचं पाणी अक्का घालणार. त्यासाठी तिने घरातला जर्मनचा, पोचे पडलेला एक मग कायमचा नेमून दिला.

तिला माझी फार मजा वाटायची. शिंप्याची टेप घेऊन मी खोडाचा घेर मोजू लागले की ती बांधावरून ओरडायची, "काय वं पोरी, केळीले पोलकं शिवतं का?" पिंपाचं झाकण उघडलं की पदर नाकाला लावायची आणि सांगायची, "याच्याहून तर म्हशीचा गोठा बरा." पण सोमवार तिने एकही चुकवला नाही. एकदा ताप अंगात असताना पाणी घालून आली, वर मलाच दटावलं की तू मात्र मागच्या खेपेला एक दिवस उशिरा आली होतीस. पिंप मी तीन महिन्यांच्या हिशेबाने भरलं होतं, ते दीड महिन्यात रिकामं झालं. मला वाटलं, उन्हाने उडालं असेल. दुसरं भरलं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला गुणाकार येऊ नये, याची आता लाज वाटते.

जानेवारीच्या शेवटी शेवटची मोजणी केली आणि बांधावर बसून आकडे जुळवले. तिन्ही ओळी सारख्या. घेर सारखा, उंची सारखी, पानंसुद्धा जवळपास सारखी. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती आणि फाईल द्यायला तीन आठवडे उरले होते. एम.एस्सी.ला जळगावातच प्रवेश हवा होता आणि माझं सगळं गणित प्रकल्पाच्या गुणांवर टेकलेलं. मला रडू फुटलं. अक्का विळा तिथेच टाकून धावत आली. मी हुंदके देत तिला समजावलं की ही तिसरी ओळ बारीक राहायला हवी होती, तरच पाण्याचा गुण कळला असता.

"बारीक कशी राहीन?" अक्का म्हणाली. "तिले पन दिलं ना मी."

"अक्का, मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हनलं होतं, मले याद हाये. पहिल्या सोमवारी नही दिलं. पन पोरी, एका पंगतीत बसवायचं, याच्या पानावर वाढायचं, त्याच्या पानावर वाढायचं अन् तिसऱ्याले नुसतं पाहत बसवायचं... माझ्या हातानं नही झालं ते. अन् दुसरीले तरी अर्धंच कामून? बठ्ठ्याइले, तिन्ही ओळींले, एकेक मग दिला."

तिच्या आवाजात अपराध नव्हता. लग्नकार्यात शेवटच्या पंगतीचा शेवटचा माणूस उठेपर्यंत ही बाई घोटभर पाणी प्यायची नाही, हे मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मात्र मला तिचा इतका राग आला की तिने पुढ्यात ठेवलेल्या ताटाला मी हात लावला नाही आणि तशीच बसस्टँडवर जाऊन उभी राहिले.

घरी येऊन मी जे केलं ते आजवर विद्यार्थ्यांना सांगितलेलं नाही, आज लिहितेच. मी तिसऱ्या ओळीचे आकडे बदलले. कुठे दोन सेंटिमीटर कमी, कुठे तीन, एखादं रोप मुद्दाम जरा बरं. चहा निवायच्या आत रकाना भरून झाला. खोटं इतकं सोपं असतं याचंच मला आश्चर्य वाटलं. आलेख तर असा सुरेख चढला की पाहत राहावं! आता फक्त फाईलला जोडायच्या पत्रावर अक्काची सही हवी होती, की हा प्रयोग माझ्या शेतात झाला आणि दिलेली माहिती खरी आहे. अक्का तिसरी शिकलेली. सही करायची तर आधी सगळं वाचून दाखव, असा तिचा नेम, मग तो ग्रामपंचायतीचा कागद असो की माझी फाईल. मी वाचत गेले. तिसऱ्या ओळीपाशी तिने हात वर केला.

"थांब. माझी ओळ बारीक कशी लिहिली?"

मी काहीतरी पुटपुटले. ती अगदी हळू म्हणाली, "मी तुझं ऐकलं नही, ते मायेनं. तू खोटं लिहितं ते कशापायी?"

मी म्हटलं, खरं लिहिलं तर गुण जातील. ती म्हणाली, "जातीन. मले वाईट वाटीन. पन ही सही माझी हाये." आणि कागद माझ्याकडे सरकवला. तिथेच, ओसरीवर बसून मी खरे आकडे पुन्हा उतरवले आणि खाली लिहिलं, 'तिसऱ्या ओळीस शेतमालकिणीने अनवधानाने द्रवखत दिले.' तेही वाचून दाखवावं लागलं.

"अनवधान म्हंजे काय?"

"चुकून."

"चुकून नही दिलं. समजून-उमजून दिलं. तसंच लिही."

तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते, त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मग निष्कर्ष काय?" मी म्हटलं, "खत चांगलं की वाईट ते मला सांगता येणार नाही सर. तिन्ही ओळींना सारखं मिळालं आणि तिन्ही सारख्या वाढल्या, एवढंच." ते हसले, पण गुण बेताचेच दिले. कथेत असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते! जळगावच्या यादीत माझं नाव लागलं नाही. धुळ्याला प्रवेश मिळाला, दोन वर्षं तिथे खोली घेऊन राहिले. सुरुवातीला अक्काच्या नावाने बोटं मोडली, नंतर धुळं आवडायला लागलं तसा राग ओसरत गेला.

तो पुरता गेला पुढच्या जूनमध्ये. अक्काने वडिलांजवळ निरोप धाडला, "पोरीले म्हना, पुन्हा ये. या खेपेले मी ती ओळ उपाशी ठेवते." सुट्टीसुट्टीला धुळ्याहून जाऊन मी सगळा प्रयोग पुन्हा केला, ना गुणांसाठी ना पदवीसाठी. हात वळू नये म्हणून अक्काने तिसऱ्या ओळीच्या पहिल्या रोपाला लाल चिंधी बांधली होती. तिथून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची आणि "थोडी कळ काढ माय" असं पुटपुटायची. मी हसले की चिडायची. शेवटची मोजणी झाली, मी वही मिटली आणि अक्काने मग उचलून त्या ओळीतल्या प्रत्येक रोपाला दोन-दोन मग पाणी घातलं. मग हात धुऊन आम्हाला भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. "आधी तिची पंगत, मंग आपली," म्हणाली. पाण्याचा गुण त्या वर्षी दिसला, फार नाही, थोडासा. पण तो खरा होता, आणि त्याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

मी जळगावात शिकवू लागल्यापासून दरवर्षी चार-दोन विद्यार्थी तिच्या मळ्यात जातात. वनस्पतिशास्त्राचेच असं नाही. केळीच्या धाग्यातून पाणी गाळून पाहणारा रसायनशास्त्राचा मुलगा आला होता. त्याला अक्काने विचारलं, "नुसत्या वाळूतून गाळून पाह्यलं का?" जमिनीतली ओल मोजणारं यंत्र घेऊन आलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरींना म्हणाली, "लय झाक हाये. पन तुमची उपाशी ओळ कुठी हाये?" आमच्याकडे प्रकल्पांचं प्रदर्शन भरतं तेव्हा एकूण एक आलेख वरच चढत असतो, सगळ्यांचे निष्कर्ष उत्तम असतात आणि पाहुणे समाधानाने माना हलवतात. मला तिथे हटकून अक्काचा प्रश्न आठवतो. सहकारी म्हणतात मी खडूस आहे. असेन.

तिची माझी शेवटची भेट डिसेंबरच्या सुरुवातीची. या वर्षी पहूरची रोहिणी नावाची विद्यार्थिनी तिथे प्रयोग करत होती, तिच्यासोबत गेले होते. अक्का अंगणात खाटेवर उन्हाला पडलेली, अंगावर गोधडी, चेहरा लहान झालेला. पण डोळे तेच. "शेवटची मोजनी कधी?" तिने विचारलं. मी म्हटलं, मध्ये विद्यापीठाच्या परीक्षा आहेत, आता एकदम जानेवारी सरता सरता येऊ. तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "लांब हाये वं," म्हणाली... आणि मग, "तो खुंटीवरचा मग काढून दे मले." मला वाटलं, नुसता जवळ असावा म्हणून मागतेय. तो पोचे पडलेला मग तिच्या उशाशी ठेवला आणि निघाले.

तेरावं झालं. जानेवारी सरता सरता रोहिणीला घेऊन मळ्यात गेले. लाल चिंधी होती तिथेच होती. रोहिणीने टेप लावली, आकडा लिहिला, खोडला, पुन्हा टेप लावली. चौथ्या रोपापाशी ती रडवेली झाली. "मॅडम, डिसेंबरात ही ओळ बारीक होती. आता ही दोन नंबरच्या ओळीइतकी झालीय. माझं काय चुकलं?" मी खाली वाकले. प्रत्येक बुंध्याशी पिंपातल्या पाण्याचं काळं वर्तुळ वाळलेलं होतं, आणि तो ओळखीचा आंबूस वास.

कल्पनावहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सोमवारी सोमवारी काठी टेकत यायच्या," त्या म्हणाल्या. "एका झाडाले मग घालायचा, बसायचं, दम घ्यायचा, मंग दुसऱ्याले. मी म्हनलं, आई, पोरीचा अभ्यास खराब होईन, मी घालीन ना मोजनी झाल्यावर. तर म्हने, इतके साल मीच तिले उपाशी ठेवलं, मीच वाढीन. मोजनीपर्यंत मी काही थांबत नही. तिचं पान वाढून जाते."

मला तिथे कोणासमोरही रडायची लाज वाटली नाही. नंतर वहिनींनी भरीत वाढलं आणि आम्ही पोटभर जेवलो. रोहिणीने तो मग धुऊन खुंटीला लावला. जूनमध्ये नवीन लागवड होईल तेव्हा चिंधी मी बांधेन, असं वहिनींना सांगून आले.

परवा रोहिणीची फाईल आली. आकडे जसेच्या तसे लिहिले होते, एकही बदललेला नव्हता. खाली नेटक्या अक्षरात टीप, 'डिसेंबरनंतर तिसऱ्या ओळीस शेतमालकिणीकडून अनवधानाने द्रवखत दिले गेले.' "मॅडम, याने गुण जातील का?" तिने दारातूनच विचारलं. "थोडे जातील," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पुन्हा करू, दोघी मिळून." आणि लाल पेनाचं झाकण काढून 'अनवधानाने' हा शब्द खोडला, वर लिहिलं, 'समजून-उमजून'.