होडीच्या फळ्यांचं दार

काकीचा फोन आला तेव्हा मी तळोज्याला कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करत होतो. "काका गेलं रं... ये लवकर," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "पॅसेजमधलं दार हलवाया चार मानसं लागतील." मला वाटलं, दुःखानं तिला काही सुचत नाहीये. सारसोळ्याला त्यांच्या घरी पोहोचल्यावर कळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं असलेलं सागवानी दार काढल्याशिवाय काकांना बाहेर नेता येत नव्हतं. आम्ही चौघांनी आधी दार जिन्यानं खाली नेलं, मग काकांना. याला आता दोन महिने होत आले, पण तो क्रम माझ्या डोक्यातून जात नाही.

बाळारामकाका नात्याने माझे कोणी नव्हते. मी मंगळवेढ्याकडच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. ते आमच्या कारखान्यात फिटर होते. पहिल्याच आठवड्यात मी पंपाचं एक माप चुकवलं, ते त्यांनी कुणाला न सांगता दुरुस्त केलं आणि मला म्हणाले, "इंजिनेर, कागुद बरोबर हाय. पन पंप कागदावानी घासत नाय." राहायला जागा नाही कळल्यावर त्यांनी आपल्याच घरातली एक खोली दिली. चार वर्षं मी काकीच्या हातचं जेवलो. आज मला जे काही येतं, त्यातलं निम्मं कॉलेजनं शिकवलं आणि निम्मं त्यांनी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्जतच्या पुढे, डोंगराच्या उतारावर एक तुकडा घेतला. तिथे दगडी जोत्यावर एक लाकडी खोली आणि पुढे पडवी, बस्स. खाडीकाठी जन्मलेला माणूस डोंगरावर का जातो, असं मी विचारलं होतं. लहानपणी उधाणाचं पाणी त्यांच्या घरात शिरायचं, आई धान्याचे डबे खाटेवर चढवायची. "एक तरी घर असं पायजे, जिथं निजताना सामान उचलाया नको," ते म्हणाले. त्या घरात निदान एक रात्र झोपायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

ती एक रात्र पुढे पुढे जात राहिली. दगडाचा टेम्पो अर्ध्या घाटात बंद पडला, तिथून दगड डोक्यावरून वर गेला. सुतार भातलावणीला गावी गेला तो गणपतीनंतरच परतला. पुढच्या पावसाळ्यात पायवाटच वाहून गेली. मी चिडायचो, काका नाही. "माज्या बापानं ओहोटीवर कदी राग धरला नाय. मी सुतारावं काय धरू?" असं म्हणून ते दाराकडे वळायचे. दार मात्र सगळ्यांच्या आधी तयार झालं होतं. वडलांची होडी मोडली तेव्हा त्यांनी चांगल्या फळ्या जपून ठेवल्या होत्या, त्यांचंच ते दार. होडीला लावतात तसं माशाचं तेल ते दर शनिवारी त्याला चोळत. इमारतीतले भाडेकरू नाक दाबून जिना चढायचे. काकी म्हणायची, "या मानसानं माज्यापरीस त्या दाराला जास्त हात लावलाय!" काका हसायचे आणि चोळत राहायचे.

गेल्या भाद्रपदात सुताराचा निरोप आला, छप्पर झालं, चौकट तयार आहे, दार आणा. मी गेलो तर काका दोरखंड काढून बसलेले. दाराचा खालचा वीतभर भाग मला कोरडा, पांढुरका दिसला. "काका, खाली तेल लागलं नाही." ते खुर्चीतूनच म्हणाले, "खाली कोन बगतंय?" मी हसलो. मग कॅलेंडर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागत होता. माझी आई त्या पंधरवड्यात घरात नवी झाडूसुद्धा आणत नाही. मी म्हटलं, "पितृपक्षात चौकट नको बसवायला, काका. सर्वपित्री होऊ द्या. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"अरे, बापाच्याच होडीचं दार हाय. मेलेली मानसं त्यावं कशाला रागावतील?"

मी कॅलेंडरवरच्या सर्वपित्रीवर बोट ठेवलं. मी हट्टच धरला होता. त्यांनी दोरखंड गुंडाळला. "तू शिकलेला मानूस. ऐकतो तुजं."

नवरात्रात डोंगरात चार दिवस पाऊस कोसळला, वाट पुन्हा गेली. दिवाळीत काकांना जिना चढताना तीन वेळा थांबावं लागलं. तपासणीत कळलं, फुप्फुसं बऱ्याच महिन्यांपासून कमजोर होत आली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर ते डोंगरावर गेलेच नाहीत...

दिवसपाणी झाल्यावर मी काकीला म्हटलं, दार वर नेऊन बसवतो. काकांचे थोरले भाऊ म्हणाले, वर्षभर घरात शुभकार्य नाही करायचं. काकीनं माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी ऐकायची वाट बघत होती. पण असलेच शब्द एकदा माझ्याच तोंडून गेलेले... कुठल्या तोंडानं बोलणार होतो? एका रविवारी एकटाच वर जाऊन आलो. खोली उभी आहे, चौकट उघडी आहे, आत कुणाच्या तरी शेळ्या बसलेल्या होत्या.

दार पुन्हा पॅसेजमध्ये आहे. मी शनिवारी जातो. काकी तेलाचा डबा आणि फडकं देते. वरच्या फळ्या काळ्याभोर, गुळगुळीत आहेत, तिथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी खाली फरशीवर बसतो आणि ती कोरडी वीत चोळतो. वाकलं की त्यांचा श्वास पुरत नव्हता, म्हणून ती तशी राहिली होती. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी कॅलेंडर बघत होतो. पाच-सहा शनिवार तेल देतोय. लाकूड ते पिऊन टाकतं, आणि पुढच्या शनिवारी ती वीत पुन्हा पांढरी दिसते.