खांडीवर कोण आहे

तीन जुलै, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. रोह्याच्या आमच्या महाविद्यालयातील सुरक्षा अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गाचा तो पहिला संकट-सराव होता. टेबलावर काल्पनिक सीमेचा नकाशा, भोवती आम्ही विद्यार्थी. प्रत्येकाने एक भूमिका निवडायची. मंत्रालय, सेनादल, गुप्तवार्ता ही पदे बघता बघता संपली. रसायनशास्त्राची पदवी असल्याने रासायनिक धोक्यांचा कक्ष मी मागून घेतला. शेवटी उरलेली मुलगी नकाशावर वाकली आणि म्हणाली, "सर, नदीकाठची ही चार घरं कुणाची?"

"ती नुसती खूण आहे," उपासनी सर म्हणाले.

"मग मी त्या घरांत बसते. कोणतरी राहत असंलच ना तिथं?"

ही रेवती म्हात्रे. पुढच्या प्रत्येक सरावात तिने जिंकणारी बाजू कधीच घेतली नाही. कधी ती विस्थापितांची छावणी झाली, कधी नाकेबंदीत अडकलेले बंदर. क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यावरील व्याख्यानातही तिचा प्रश्न ठरलेला असे: "तिथं कोण राहतं?" सर वैतागून म्हणत, "म्हात्रे, तुमच्यामुळे माझं एकही युद्ध वेळेत संपत नाही." ती हसून उत्तर देई, "लवकर संपवून तरी कुठं जायचंय सर? गाडी संध्याकाळचीच हाय."

त्या गाडीतच आमची मैत्री झाली. ती जिते स्थानकावर चढे, मी पेणला, आमच्या रामवाडीतून येऊन. माझ्यासाठी जागा धरून ती म्हणे, "या, रामवाडीच्या मॅडम." माझ्या आईवडिलांच्या मास्तरकीवर आणि माझ्या डब्यावर तिचे विशेष प्रेम होते. "अनघा गो, हा डबा हाय का दवाखान्यातला पथ्याचा?" असे म्हणत ती आपल्या डब्यातला सुका जवळा माझ्या पोळीवर ठेवी.

तिचे गाव खाडीकाठचे. एका अंगाला मिठागरे, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि समुद्राचे पाणी अडवून धरणारा मातीचा बांध. उधाणाला त्या बांधाला भगदाड पडले, की त्याला खांड म्हणतात. "खांड गेली!" अशी हाळी आली, की गावाने खांडीकडे धावायचे, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुरुष छातीभर पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि बायका चिखलाची ढेकळे नि पेंढ्याचे भारे हातोहात पुढे देतात. रेवती बारावीत असताना तिचे वडील असेच उभे होते. ओहोटीला ते खाडीच्या तोंडाशी सापडले.

हे तिने मला एकदाच, कोरड्या आवाजात सांगितले. पुढे म्हणाली, "खांडीत परत कुणाचा बाप जाता नये. एवढ्यासाठी शिकतेय मी हे."

वर्गाच्या अभ्यासमंडळाच्या उपक्रमासाठी तिने स्वतःचेच गाव सुचवले, यात म्हणून नवल नव्हते. हिवाळ्यात आम्ही पाहणी केली. क्षार मोजण्याचे काम माझ्याकडे होते. तिच्या शेतालगतच्या तळ्यात लिटरमागे एक ग्रॅम मीठ, बांधापलीकडच्या खाडीत एकतीस. "म्हणजे आमच्यात नि समुद्रात तीस ग्रॅमचं अंतर," ती म्हणाली. तीन ग्रॅमच्या पुढे भाताची रोपे जगत नाहीत, हे मी तिला सांगितले. ते तिला ठाऊक होते; आकडा तेवढा नवा होता.

मे महिन्यात आम्ही गावात सराव घेतला. शाळा उंचावर होती. तिच्या छपरावर हाताने फिरवायचा भोंगा बसवला. भोंगा वाजला, की हातातले काम टाकून शाळेत जमायचे, असा नियम ठरला. म्हातारी माणसे कुरकुरली. "खांड सोडून शालेत? पाटी-पेन्सिल आनू काय गो सोबत?" एका आजीने विचारले. रेवती आठवडाभर घरोघर फिरली. प्रत्येक उंबऱ्यावर तिने वडिलांचे नाव घेतले, आणि त्या नावाला कुणी नाही म्हणू शकले नाही. सरावाच्या दिवशी सगळा गाव शाळेच्या पटांगणात होता. छायाचित्रे उत्तम आली. भोंगा आम्ही तिथेच ठेवला.

ऑगस्टमध्ये, पौर्णिमेच्या उधाणाला, आम्ही रोह्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याच सरावाचा अहवाल मांडत होतो. भर दुपारी, सादरीकरण संपता संपता, रेवतीचा फोन थरथरला. तिची आई होती. सभागृहाबाहेरच्या जिन्यात उभे राहून तो आवाज मीही ऐकला.

"भिऊ नको गो. खांड गेली, पन सगली शालेत हाव. तू शिकवलंस तसाच केला."

"खांडीवर कोण हाय?" रेवतीने विचारले.

पलीकडे कुणाचे तरी मूल रडत होते.

"आये, खांडीवर कोण हाय?"

"कोन नाय. भोंगा वाजला ना."

खांड सुरुवातीला बैलगाडीएवढी होती, असे नंतर कळले. गावाच्या हातांनी ती बुजली असती का, याचे उत्तर कोणत्याही प्रारूपातून मिळत नाही. कदाचित बुजली असती. कदाचित दोन माणसे गेली असती. संध्याकाळपर्यंत ती इतकी रुंदावली की पलीकडची माणसे ओळखू येईनात, आणि सारी भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. आम्हाला पहिले पारितोषिक मिळाले. सर व्यासपीठावरून अभिमानाने म्हणाले, "एकही जीव गेला नाही." ते अक्षरशः खरे होते.

गावाने तिला एका शब्दाने दुखवले नाही. फक्त ती पाटी-पेन्सिलवाली आजी म्हणाली, "तुजा बापूस खांडीत उभा होता गो. आमी शालेत बसलाव." बोलण्यात राग नव्हता. असता तर रेवतीला भांडता आले असते.

बांधाच्या दुरुस्तीसाठी ती वर्गातली सारी परिभाषा वापरून अर्ज करत राहिली. उत्तर एकच येई: जीवितहानी निरंक असल्याने प्रकरण तातडीचे नाही. दिवाळीनंतर तिने वर्ग सोडला. आता ती डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे, सुरक्षा विभागात. बायकांच्या फाटकावर पिशव्या तपासते. "सुरक्षाच हाय की," ती म्हणाली. "पद तेवढं बदललं."

मला संशोधनासाठी दिल्लीला प्रवेश मिळाला. निघण्यापूर्वी, परीक्षा संपल्यावर मे महिन्यात, मी शेवटचे मोजमाप घ्यायला गेले. ती शिफ्ट संपवून, गणवेशातच आली. शेताच्या जागी पाणी होते आणि पाण्यात कांदळवनाची बोटभर रोपे वर आली होती. मी सवयीने आमच्या पाहणीचा नकाशा उघडला. त्यावर तिचे शेत अजून हिरवे होते.

"नवा काढशील तेव्हा घरं दाखव," ती म्हणाली. "नुसती खूण नको."

तळ्याची जागा तिने बोटाने दाखवली. मी बाटली बुडवली, यंत्र पाण्यात धरले आणि आकडा स्थिर होण्याची वाट पाहिली.

"किती गो?"

एकतीस.