ज्वारीच्या कणसांचा बंगला

माधवनगरातला आमच्या गिरणीमालकांचा बंगला इटालियन धर्तीचा. चौकोनी मनोरा, गोल कमानींच्या जोडखिडक्या, सगळा थाट परदेशी. फक्त कमानींवरच्या चुन्याच्या नक्षीत आपल्या गवंड्यांनी द्राक्षवेलींऐवजी ज्वारीची कणसं काढली होती. अशी कणसं इटलीत सोडा, अख्ख्या महाराष्ट्रात नसतील, असं मी ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत सुटायची.

गिरणी कधीच बंद पडली. मालकांना बंगला पाडून फ्लॅट बांधायचे होते. वारसा म्हणून सरकारदरबारी नोंद झाली तरच तो वाचणार होता. हातापाया पडून मी नोंद करणाऱ्या समितीला एकदाचं यायला राजी केलं आणि बंगल्याची राखण करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला साताऱ्याहून फोन केला, "दादा, पुढच्या सोमवारी तपासणीला येणार आहेत. त्यांनी हो म्हटलं की बंगला वाचला."

दादा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. तपासणी म्हटली की काय करायचं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

सोमवारी समितीच्या बाईंबरोबर फाटकाशी उतरले आणि जागच्या जागी थिजले. झाडांच्या बुंध्यांना गेरू, त्यावर चुन्याचा पट्टा. पायऱ्या लाल. आणि बंगला? गुळगुळीत सिमेंट, वर पिवळाधमक ऑइलपेंट. कमानींवर काहीच नाही.

"दादा, कणसं?"

"काढली की! निम्मी फुटकी हुती. बंगला वाचवायचा तर सायबास्नी फुटकं दावून चालतंय व्हय? पलटणीतले जुने गडी बोलावले, रातंदिस झटलो. लय चकाचक केलंय बघ."

ओरडावं वाटत होतं, पण त्याच्या नखांत अजून रंग होता. बाई भिंतीवरून हात फिरवत एक फेरी मारून आल्या. कॅमेरा त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. गाडीत बसताना मला हळूच म्हणाल्या, "मी ती कणसं बघायला आले होते. आता नोंद कशाची करू?"

गाडी निघाली. इस्त्रीच्या शर्टावर पदकं लावून दादा फाटकापाशी ताठ उभा होता. त्यानं कडक सॅल्यूट ठोकला आणि गाडी वळेपर्यंत हात खाली घेतला नाही. मग माझ्याकडे वळला, चेहरा नुसता फुललेला.

"काय गं तायडे, पास झालो न्हवं आपण?"