फक्त रेषांबद्दल बोला

फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी सगळं दोहा खणून काढलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. पुण्यात मी कलेचा इतिहास शिकले होते, पण नवऱ्याच्या मेसईदच्या नोकरीमुळे कतारला आल्यापासून ते शिक्षण धूळ खात पडलं होतं. मग एका खाजगी गॅलरीत एकोणिसाव्या शतकातल्या डच छापचित्रांचं प्रदर्शन लागलं, आणि हिंदीतून चित्रं समजावून सांगायला मला बोलावलं.

एका चित्रात कालवा खणणारी माणसं होती, कमरेपर्यंत चिखलात. वर बांधावरून छत्रीवाली बाई आणि उंच टोपीवाला गृहस्थ फिरायला निघालेले. मजुरांचा चेहरा न् चेहरा चित्रकाराने कोरला होता. ती दोघं पाठमोरी. चिखलाच्या रेषा छपाईच्या पत्र्यावर ॲसिडने खोल खाल्लेल्या, काळ्याकुट्ट. छत्री अगदी पुसट.

मी बोलणार त्याच्या आदल्या दिवशी गॅलरीच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "फक्त रेषांबद्दल बोला. मजुरांचं नको. वर्ल्ड कपच्या बांधकामावरच्या मजुरांवरून जगभर ओरड चाललीय, सध्या दिवस नाजूक आहेत."

"मॅडम, चित्रच मजुरांचं आहे."

"जुनं आहे ना? जुनंच राहू दे."

उम्म सलालमधल्या आमच्या घरी नवरा म्हणाला, "आपला व्हिसा माझ्या कंपनीवर आहे. कशाला विस्तवात हात घालतेस?"

"चित्रात आहे तेवढंच सांगणार," मी म्हटलं. त्याने ताट पुढे ओढलं.

शुक्रवारी गर्दी होती. मॅनेजरबाई दाराशी उभ्या होत्या. मी चिखलापासून सुरुवात केली, चेहऱ्यांवर आले, मग त्या दोन पाठींवर. "कालवा यांच्या सोयीसाठी खणला जातोय," मी म्हटलं, "आणि चित्रकाराने यांनाच चेहरा दिलेला नाही."

एक इंजिनिअर गृहस्थ म्हणाले, "तुम्ही आजचं बोलताय का?"

दाराशी मॅनेजरबाई ऐकत होत्या. तरी म्हटलं, "मी चित्राबद्दल बोलतेय. तुम्हाला त्यात आजचं दिसत असेल, तर चित्रकाराचं काम झालं."

लोक गेल्यावर मॅनेजरबाईंनी माझा बिल्ला मागून घेतला. "खलास. उद्यापासून येऊ नका."

"शुक्रन," असे अरबीत आभार मानून मी निघाले. रडू येईल असं वाटलं होतं. आली ती भूक.

पुढच्याच महिन्यात मी आमच्या घरच्या हॉलमध्ये ओळखीच्या मराठी बायकांसाठी चित्रवाचन सुरू केलं. नवरा धास्तावलेलाच होता, पण खुर्च्या त्यानेच मांडल्या. पडद्यावर एका डच बाजाराचं चित्र लावून मी विचारलं, "यात उपाशी कोण आहे, सांगा." बायका अशा भांडायला लागल्या की केलेला चहा तसाच राहिला.