सांबराची वाट आणि माझी जाळी

मैत्रिणींनो, निवृत्तीनंतर डोंगराच्या पायथ्याशी वैशाखऱ्याला बांधलेल्या घराचे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. त्यातलं हिरव्या जाळीचं कुंपण आज सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सातच्या सुमारास एक सांबराची मादी डोंगरातून ओढ्याकडे निघाली होती. मागे कुत्री लागलेली. जाळीपाशी येऊन ती वाट शोधत इकडून तिकडे धावत राहिली. मी घाईने फाटक उघडायला गेले, तर मला बघून ती आणखीच बिथरली आणि जाळीवर आदळली.

शेजारच्या शेतातल्या भीमाबाई धावत आल्या. "ताई, तुमी आदी बाजूला व्हा! तुमाला बघून ती जास्त भिते."

कुत्री त्यांनीच हाकलली. सांबर पाय ओढत डोंगराकडे परतलं, तहानलेलंच. मी फोन केल्यावर वनरक्षक येऊन शोधून गेले. सापडलं नाही.

"ही त्यांची पान्याची वाट," भीमाबाई म्हणाल्या. "भात कापलं का आमी काटेरी कुंपन काढून ठेवतो. तुमची जाळी बारा महिने."

"मग जाळी लावली तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"जागा तुमची, आमी कोन सांगनार? पाखरांसाठी पानी ठेवता, वाटलं तुमाला समदं ठाव आसल."

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला मुक्या जीवांसाठी प्रार्थना करायला लावत. मी अजूनही करते.

दुपारी डोंगराकडची आणि ओढ्याकडची, दोन्ही बाजूंची जाळी काढून घेतली. पण पलीकडे शेजारच्या बंगल्याची भिंत आहे, त्यापुढे नव्या प्लॉटांची तार, आणि ओढा त्याच्याही पुढे.

तुमच्यापैकी ज्यांनी इकडे जागा घेतली आहे, त्या सांगाल का, तुमच्या कुंपणाआधी तिथून कोण जात होतं?