एक नंबरची चटणी

अमिरुन्निसा चाची जवळा भाजायला बसली की दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा खाली होतात. काहींच्या वरही होतात, पण त्यांचं त्यांच्यापाशी. आपण खाली करणाऱ्यांबद्दल बोलू.

चाचीचं माहेर खाडीच्या पलीकडचं, आगरदांड्याचं. लग्न होऊन होडीतून अलीकडे आली आणि खाडी ती केवढीशी, तरी उतरता उतरता तिला उलटी झाली. तेव्हापासून तिचा नवरा सिराजुद्दीन गावभर सांगत आला आहे की, माझी बायको मला बघून ओकली. चाची म्हणते, लाटा पण होत्या. म्हणजे पहिलं कारण ती नाकारत नाही, एवढं ध्यानात घ्या.

सिराजुद्दीन पुढे कुवेतला ट्रक चालवायला गेला. जाताना बायकोने बॅगेत जवळ्याच्या सुक्या चटणीची बाटली कोंबली. जवळा म्हणजे ती वाळवलेली अगदी बारीक कोळंबी. लसूण, मिरची, सुकं खोबरं घालून कुटली की नुसत्या वासावर भाकरी संपते. विमानतळावर एका साहेबाने ती बाटली उघडली, हुंगली, घाईघाईने झाकण लावलं आणि हातानेच 'जा' म्हणाला. सिराजुद्दीनच्या मते चटणीला मिळालेलं ते पहिलं सरकारी प्रमाणपत्र. तिकडे खोलीतल्या माणसांनी बाटली चाटूनपुसून साफ केली आणि पुढच्या खेपेला बॅगेत कपडे कमी, चटणी जास्त, असं सुरू झालं. सिराजुद्दीन कायमचा घरी परतला तोवर चाचीचा धंदा उभा राहिला होता.

चटणी घ्यायचा माणगावचा व्यापारी, भावेश. पोरगा गोड बोलणारा, सगळा माल एकदम उचलायचा. चाची कुकरची रबरी रिंग घ्यायला माणगावला गेली तेव्हा तिने त्याच्या दुकानात आपली चटणी पहिल्यांदा सजलेली पाहिली. बाटलीवर नथ घातलेल्या बाईचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'भावेशच्या आईच्या हातची'. आता भावेशची आई मी पाहिली आहे. फार सोवळी बाई. ज्या घरात कांदा चिरला त्या घरात दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी पीत नाही. तिला जवळा दाखवला असता तर ती बडीशेप समजून पुढे सरकली असती.

चाची रिंग विसरली. भावेशला म्हणाली, यापुढे बाटलीवर माझं नाव. भावेशने हात जोडले. म्हणाला, चाची, तुमच्या नावावर माल कोण घेणार, तुम्हाला बाजार ओळखत नाही. तरी हौस असेल तर मे महिना सरेपर्यंत तुम्हीच विकून बघा. खपला तर तुमचं नाव मोठं. नाही खपला तर पुढे कायमचा माझ्या आईच्या नावाने, आणि हा विषय परत काढायचा नाही. चाची 'ठीक हाय' म्हणाली आणि बसमध्ये बसली. कुकर त्यानंतर बरेच दिवस शिट्टी न मारता नुसता फुसफुसत होता.

आता मदतीला आली सून, मुलगा शारिक याची बायको आतिफा. न्हावा शेव्याला एका कचेरीत कंटेनर कुठून कुठे गेला हे बघत बसायची तिची नोकरी, शनिवार-रविवार गावी. तिने सासू-सासऱ्याला समोर बसवून मोबाइलवरच्या धंद्याचा श्रीगणेशा शिकवला. मी चहाच्या निमित्ताने तिथेच होतो, त्यामुळे माझंही शिक्षण झालं. तिने पहिला प्रश्न विचारला, गिऱ्हाईक कोण? सिराजुद्दीन म्हणाला, सगळे. ती म्हणाली, अब्बा, सगळे म्हणजे कोणीच नाही. मग ठरलं की बोटीसाठी ताटकळत हातात मोबाइल घेऊन बसलेले प्रवासी, आणि आखाताला निघालेले आपले लोक, हे गिऱ्हाईक. मग फोटो. सिराजुद्दीनने काढलेल्या फोटोत त्याची मोटारसायकल झकास आली होती, बाटली मात्र शोधावी लागत होती. तो फोटो बाद झाला. उन्हात, केळीच्या पानावर, बाटली आणि शेजारी भाकरी असा नवा काढला. आणि तिसरं म्हणजे तोच फोटो सकाळ-संध्याकाळ दिसेल त्या ग्रुपवर टाकायचा नाही. हे सांगायला तिला उशीर झाला होता. सासऱ्याने एका मयताच्या निरोपाखालीसुद्धा चटणी टाकून ठेवली होती. त्या घरची माणसं अजून बोलत नाहीत. बाटल्या मात्र त्यांनी मागवल्या.

मग आतिफाने मोबाइलच्या नकाशात घराची खूण केली, नाव घातलं, 'अमिरुन्निसा यांची जवळा चटणी', फोन नंबर दिला आणि जाता जाता म्हणाली, आता ओळखीच्या लोकांना सांगा, चव आवडली असेल तर इथे दोन शब्द लिहा आणि तारे द्या. ते तारे बघूनच अनोळखी माणूस आत पाऊल टाकतो. एवढं बोलून ती गाडीत बसली. तारे किती द्यायचे हे तिने सांगितलं नाही. ते जगाला ठाऊक आहे असं तिला वाटलं.

जगाला असेल. आमचं गाव वेगळं.

सिराजुद्दीनने मोबाइल घेतला आणि घरोघर फिरला. काय बोलला? तर जे कोणीही बोलेल तेच. आपल्या चटणीला एक नंबर द्या. आमच्याकडे बैल चांगला तर एक नंबर. होडी चांगली तर एक नंबर. जावई दारू पीत नसला तर एक नंबर. तेव्हा गावाने पाचातला पहिला तारा दाबला आणि बाकीचे चार, उष्टे नकोत म्हणून, तसेच सोडून दिले. शेजारच्या सखुबाईने तर मोबाइलला तोंड लावून बोलून लिहिलं, 'एक नंबर चटणी, अशी कुठं न्हाय'. वर तारा एक. जेट्टीवर तिकिटं फाडणाऱ्या काळूरामने लिहिलं, 'एक नंबर म्हंजे एक नंबर'. तारा एक. विठोबाचा फोन बटणांचा, त्याने तोंडी एक नंबर दिला आणि तो कुठे तरी लिहून घ्या म्हणाला.

राहिला कोंडाजी. त्याचं आणि सिराजुद्दीनचं जांभळाच्या एका फांदीवरून वाकडं. फांदी सिराजुद्दीनची, जांभळं पडतात कोंडाजीच्या धुतलेल्या धोतरांवर. त्याने नातीचा मोबाइल मागून घेतला, पाचवा तारा हुडकून अंगठ्याने चेचला आणि खाली लिहवून घेतलं, 'पाचवा नंबर. घ्या'. मग शांत झोपला.

त्यानंतर चटणीचा फोन वाजायचा थांबला. रांगेतली माणसं वास घेऊन काच खाली करायची, मोबाइलमध्ये बघायची, चाचीच्या घराकडे बघायची आणि काच वर करायची. चाचीला हे पडवीतून दिसत होतं. तिला वाटलं लसूण कमी पडतोय. तिने लसूण वाढवला. बाटल्या कपाटातून पलंगाखाली गेल्या, पलंगाखालून न्हाणीच्या माळ्यावर. मे महिना उतरणीला लागला. भावेशचा फोन आला, अगदी आदबीने, टेम्पो कधी पाठवू म्हणून. चाची त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, दत्तूभाऊ, त्याची आई माझ्यापेक्षा चांगली चटणी करते असं आता मलाच वाटाया लागलं हाय.

शनिवारी आतिफा आली. तिने मोबाइल उघडला आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"अम्मी, एवढे दुश्मन कधी केले तुम्ही?"

"एकच हाय. तो कोंडाजी."

"त्याने पाच दिलेत."

"मग," सिराजुद्दीन समाधानाने म्हणाला, "तो सुधारायचा न्हाय."

उलगडा व्हायला दोन चहा लागले. पाच म्हणजे सगळ्यात चांगलं, एक म्हणजे थुंकून टाकलं, हे समजल्यावर सिराजुद्दीनने चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, असं उलटं कोणी केलं? आतिफा म्हणाली, सगळ्यांना बोलवा आणि पाच करून घ्या. पहिली आली सखुबाई. तिला आकडा बदल म्हणताच तिने पदर डोळ्याला लावला. माझ्या पोराचा शाळेत पाचवा नंबर आला तर मी त्याला उंबऱ्यात घेतला न्हाय, आणि अमिरुनला मी पाचवा देऊ? माझ्या जिभेला काय किडे पडलेत? तिची समजूत काढायला तिसरा चहा लागला आणि आकडा तसाच राहिला.

तिकडे कोंडाजीला खबर लागली की गावात चाचीचं भलं करणारा तो एकटाच. तो धावत घरी गेला, पण मोबाइल नातीबरोबर परीक्षेला गेला होता. वाटेत काळूरामने हात धरून त्याचे आभार मानले. कोंडाजीचं तोंड असं झालं, जसा काही जांभळाऐवजी बिब्बा चावला.

आतिफा म्हणाली, मग हे सगळं काढून टाकायला अर्ज करू, नव्याने सुरुवात करू. चाचीने विचारलं, "लोकांनी लिहिलंय त्याच्या खाली मला बोलता येतं का?"

"येतं की. बोलायचंच असतं. प्रत्येकाला उत्तर द्यायचं, हा तर नियमच आहे."

"मग पुसू नको. माणसांनी मनातून दिलंय. मी बोलते, तू लिही."

चाची बोलली ते मी ऐकलं, आणि आतिफाने एक अक्षर न बदलता लिहिलं. सखुबाईच्या खाली, 'सखु, शुक्रिया. ही माझी शेजारीण. हिचा एक म्हणजे पहिला. पाच सांगितले तर रडते.' काळूरामच्या खाली, 'अल्लाह तुला बरकत देवो. बाहेरगावच्यांनी आमच्या गावचे तारे उलटे वाचावेत.' विठोबाचं लिहिलेलं काहीच नव्हतं, तरी त्याच्यासाठी कुठे तरी जागा करून घातलं, 'विठोबांनी तोंडी दिला आहे.' आणि कोंडाजीच्या खाली, 'भाऊ, तुम्ही शिवी घातली, ती दुवा होऊन लागली. फांदी उद्या तोडून न्या.'

दुसऱ्या दिवशी कोंडाजी कोयता घेऊन आला. फांदीकडे बघितलं, पिकलेली जांभळं बघितली, ओंजळभर खाल्ली आणि म्हणाला, राहू द्या आता, मोसम सरल्यावर बघू.

त्याच दुपारी रांगेतल्या एका गाडीत हसण्याचा कल्लोळ झाला. बायका, पोरं, ड्रायव्हर, सगळे मोबाइलवर वाकलेले. काच खाली झाली ती वर गेलीच नाही. दारच उघडलं आणि मंडळी चढ चढून पडवीत आली. पहिला प्रश्न, रडणारी सखुबाई कुठे असते? सखुबाई भिंतीपलीकडूनच ओरडली की मी रडत न्हाय. त्यांनी बाटल्या घेतल्या, आणि त्या उत्तरांचे फोटो काढून आपल्या माणसांना पाठवले. मग काय विचारता. बोट चुकली तरी चालेल पण चटणी घेऊन येतो, म्हणणारी माणसं निघाली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, चाची, एक देऊ की पाच? चाची म्हणायची, आधी खा. आणि खाऊन झाल्यावर ती शहरातली शहाणी माणसं गंमत म्हणून एकच तारा द्यायची आणि लिहायची, 'एक नंबर'. आतिफा डोकं धरून बसली. चटणीची पत त्या मोबाइलमध्ये आजही इतकी खराब आहे की विष असतं तरी त्याला दोन तारे मिळाले असते. न्हाणीचा माळा मात्र रिकामा झाला, मग पलंगाखालची जागा, मग कपाट. चाची पहाटे भरायची ते दुपारी संपायचं.

मे संपला. भावेश टेम्पो घेऊन स्वतःच आला. पडवीत गर्दी, म्हणून तो बिचारा जांभळाखाली उभा राहिला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं. आपली पाळी आल्यावर म्हणाला, चाची, हरलो. पण माझ्या दुकानात लोक येऊन विचारतात. थोड्या बाटल्या ठेवायला द्या.

"कोणाच्या नावाने?"

"तुमच्याच."

"घे की नाव."

इतकी वर्षं तो तिला चाचीच म्हणत आला होता. त्याने घसा साफ केला. अमरुनीशा म्हणाला. चाचीने मान हलवली. अमीरनिसा म्हणाला. गर्दीतून कोणी तरी 'न्हाय' म्हटलं. सिराजुद्दीन खुर्ची ओढून त्याच्या पुढ्यात बसला आणि मुलाला पाढे शिकवावेत तसं एकेक अक्षर सुटं करून सांगू लागला. भावेश घामाने आणि जांभळाने रंगला होता, पण नेटाने म्हणत राहिला, आणि भोवतीची सगळी पडवी त्याच्याबरोबर म्हणू लागली. शेवटी पूर्ण नाव एकदाचं बिनचूक आलं. चाचीने ते परत एकदा म्हणवून घेतलं, आणि मग टेम्पोचा फाळका उघडायला सांगितलं.