फ्रॉकचा तुकडा

श्रीगोंद्याचे आमचे शिंपी तोंडात टाचण्या धरूनच बोलत, त्यामुळे मोजकंच बोलत. लहान मुलाचे कपडे शिवले की त्याच कापडाचा एक तुकडा न चुकता आईच्या हातात ठेवत.

“जत्रंत पोर चुकलं तर नुसता रंग सांगून भागत न्हाई, वहिनी. ह्यो दाखवायचा.”

मला ते गावंढळ वाटायचं.

साखर कारखान्याने ह्यांना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवलं, तेव्हा मी आणि चार वर्षांची सुमीही गेलो. तिच्या ठिपक्यांच्या फ्रॉकचा तुकडा पर्समध्ये तसाच पडून होता. तिथल्या एका अवाढव्य करमणुकीच्या बागेत, पाळण्यांच्या गर्दीत, तोच फ्रॉक घातलेल्या सुमीच्या हातून माझं बोट सुटलं. मला इंग्रजीचा एक शब्द सुचेना. पहारेकऱ्यापुढे मी तो तुकडाच धरला. तुकडा घेऊन तो पळाला आणि थोड्या वेळाने सुमीला कडेवर घेऊन आला. जिवात जीव आला, तशी मी तिथेच फतकल मारून बसले.

परत आल्यावर शिंप्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. माझ्या नव्या पोलक्याच्या कापडाचा तुकडा कापला, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि तो सुमीच्या मुठीत दिला.

“आईच घावली न्हाई, तर तू ह्यो दाखवायचा.”